पांगुळगाड्याला विमानाचं ऑईल

आमी बारामतीजवळ जळोचीला राहतो. डोक्यावरनं दिवसभर बारकी विमानं फिरत्यात, पुढं एकच पंखा असलेली, शिकाऊ पोरांची. आमचं मालक त्या विमानांच्या शेडमदी मिस्त्रीच्या हाताखाली हायत. विमान उडवत न्हायत, त्याचं ऑईल बदलत्यात. हे मी इंदापूरला माहेरी किती बार सांगितलं, तरी आई अजून शेजारणीला सांगती की जावई विमानावर असतो. सोडून दिलं मी.

पण घरात त्या ऑईलचा विषय काय सुटंना. विमानाचं इंजन पन्नास तास चाललं की ऑईल काढायचं, न्हायतर चार महिने झालं की काढायचं, ज्याची पाळी आधी ईल ते. पावसाळ्यात ढग असले की एखादं विमान जागचं हलत न्हाय, तरी महिने भरले की काढायचंच. हितं आबांचं डोकं फिरायचं. आबा म्हंजे माझं सासरं. त्यांच्या ट्रॅक्टरचं ऑईल डांबरावानी काळं झालं तरी ते म्हणणार, अजून एवढा ऊस निघू दे. रोज जेवताना तेच. न उडालेल्या विमानाचं ऑईल कसं खराब होतंय, कोण बघायला गेलंय, फुकटचा माज हाय निस्ता. मालक खाली मान घालून भाकरी मोडायचं. मी तव्यापाशी बसून ऐकायची आन् वाटायचं की ह्या दोघांच्या ताटात आता ऑईलच वाढावं.

मग एकदा आबांचं मन राखायला मालकांनी तसलं काढलेलं ऑईल डब्यात भरून आणलं, गोठ्याच्या खांबास्नी वाळवी लागली हुती म्हणून. डबा उघडला तर मधावानी रंग. आबांनी बोट बुडवलं, उजेडात धरलं आन् माझ्याकडं असं बघितलं जसं काय मीच ते टाकून देत हुते.

खांब झालं. गोठ्याचं दार झालं. मला काय, म्हणलं लावू द्या. पण आमची लेक तवा नुकती उभी राहायला लागलेली, तिच्यासाठी आबांनी सुताराकडनं पांगुळगाडा करून आणलेला, आन् त्याची चाकं लई कुरकुरायची. मी धुणं वाळत घालून आत आले तर गाडा एकदम गुपचूप चालतोय आन् लाकूड नव्यावानी चमकतंय. लेक मुठीचा दांडा तोंडात धरून चावतीय, दात येत हुतं तिला. हनुवटी तेलकट, फ्रॉक तेलकट.

आबांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "विमानाचं लावलंय. असलं तेल कुणाच्या नातीला मिळत न्हाय."

मी तिचं तोंड पदरानं पुसलं, परत पुसलं आन् मालकांना फोन लावला. वाटलं ते हसतील. पण म्हणले, आधी तिचं तोंड धू, तुझं हात धू, मी येतो. आल्यावर उंबऱ्यातच सांगितलं की ह्या विमानांच्या पेट्रोलमदी शिसं असतंय, ते ऑईलमदी उतरतंय, दिसत न्हाय, आन् बारक्या पोरांच्या पोटात गेलेलं चांगलं न्हाय.

आता मला सांगा. पन्नास तास मला पाठ, चार महिने मला पाठ, फिल्टर कापून आत लोखंडाचा कीस बघत्यात ते पाठ. आन् शिसं म्हणून काय असतंय ते आज.

"हे आत्ता सांगताय व्हय?" मी म्हणलं.

"खांबाला लावणार म्हणलं हुतं गं," ते म्हणले.

आठवीतनं माझी शाळा सुटली, शिसं म्हंजे मला फकस्त पेन्सिलीतलं माहीत. पण दवाखान्यात निघालो तवा गाडीवर मागं बसताना लेकीला दोन्ही हातांनी आवळून धरलं, ती रडाय लागली तरी सोडलं न्हाय. बारामतीत लेकरांच्या डॉक्टरनी विचारलं, विमानाचं ऑईल घरात आलं कसं? मालक भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडं बघत उभं. सगळं मलाच सांगावं लागलं, पार ट्रॅक्टरपासनं. त्यांनी रक्त घेतलं, तपासायला पुण्याला धाडलं.

रिपोर्ट येईस्तोवर मी काय जेवले, काय निजले, मला ठावं न्हाय. लेक जांभई द्यायची आन् मी तिचं डोळं उघडून बघायची. जरा जास्त झोपली तर उठवायची, उठली की रडायची, मग आत्याबाई, म्हंजे सासूबाई, वरडायच्या. आबा वसरीवर बसलेलं. एकदाच बोललं, "मी काय पोरीच्या वाईटावर हाय का?" न्हायत ते, माहीत हाय मला. पण तवा मला सगळ्यांचाच राग, वर घरघरणाऱ्या विमानांचाबी.

त्याच दिवशी आबांनी राहिलेल्या ऑईलचा डबा सायकलीला बांधला आन् मालकांच्या शेडला नेऊन परत दिला. मिस्त्रीशी लई वेळ बोलून आलं म्हणं.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणले, भ्यायचं कारण न्हाय, पुढं एकदा परत तपासू, आन् ते ऑईल घरात नको. मी तितंच खुर्चीत बसून रडले. मालक म्हणले, चांगला आलाय की, रडती का? ह्या माणसाला काय सांगायचं.

घरी आलो तर आबा मलाच शिकवाय लागलं. ऑईल दिसण्यावर न्हाय गं, महिने भरले की काढायचंच असतंय, विमान उडू दे न्हायतर बसू दे. जसं काय मला ठाऊकच न्हाय.

मी म्हणलं, "मग आबा, ट्रॅक्टरचं कवा काढायचं?"

"ट्रॅक्टर काय उडतोय व्हय?" म्हणले.

जुना गाडा मालकांनी शेडवर नेला. नवा आलाय, त्योबी कुरकुरतोय. काल आबा वाटीत करडईचं तेल घेऊन त्याच्याजवळ बसले. पण बोट बुडवलं न्हाय. वाटी माझ्यापुढं धरली आन् म्हणले, "वास घेऊन बघ आधी. मग लावतो."

मी वास घेतला. करडईचंच हुतं. तरीबी म्हणलं, चाकालाच लावा, दांड्याला न्हाय.