धम्मदीना आणि निसटलेला स्नायू

धम्मदीना वाहुळेला इंदुरात चेहऱ्याने ओळखणारे थोडे, पण आवाजाने ओळखणारे हजारो. गेली अकरा वर्षं ती एका मोठ्या इस्पितळात एमआरआय काढते. माणूस त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये आडवा झाला की त्याच्या कानावरच्या हेडफोनमध्ये तिचा आवाज येतो, "आँखें बंद, हिलना नहीं, बस पाँच मिनट." त्या पाचाची पंचवीस मिनिटं होतात, हे तिला ठाऊक असतं आणि आता बहुतेक अर्ध्या इंदूरलाही. पण आवाजात दरारा असा की पेशंट ते खोटं निमूट गिळतो. हा दरारा तिने आजोबांकडून उचलला, असं घरचे म्हणतात. आजोबा धोंडिबा महूच्या छावणीत हवालदार होते आणि घरात प्यायला पाणी मागायचे तेसुद्धा हुकूम सोडल्यासारखं.

कामात ती चोख होती आणि तिला ते पक्कं माहीत होतं. तिच्या हातचं चित्र कधी हललेलं नसे. नव्या मुलींनी काढलेलं धूसर चित्र पुढे आलं तर ती रागवायची नाही, फक्त चष्मा काढून सावकाश पुसायची. मुली तेवढ्याने रडकुंडीला येत. आणि अशा या बाईच्या हातून जी चूक झाली, ती तिच्या चोख सवयीमुळेच झाली.

अमिता पाटणकर इंदूरजवळच्या सांवेरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. वय एकोणतीस. लहानपणी तिचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला होता. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं, डोळा सरळ झाला, घरात पेढे वाटले गेले. मग वयाबरोबर तो डोळा हळूहळू उलट्या बाजूला, कानाकडे सरकत गेला. डोळ्यांच्या सर्जन डॉ. मंजिरींनी तपासून अंदाज बांधला की डोळ्याला नाकाकडे खेचणारा स्नायू जुन्या टाक्यांतून निसटून मागे गेला असावा. तो सापडला आणि काम करत असला, तर पुढे आणून परत शिवता येईल. नसलाच, तर त्या डोळ्याला पुन्हा हात लावायचा नाही, कारण आहे तेही बिघडायचं. म्हणून ऑपरेशनच्या आधी एमआरआय.

तो धम्मदीनाने काढला. नेहमीसारखाच, स्वच्छ, वेळेत, डोळे बंद ठेवायला सांगून. रेडिऑलॉजिस्ट डॉ. शरदचंद्र कानिटकरांनी तो पाहून लिहिलं, नाकाकडचा स्नायू दिसत नाही. खाली सही केली.

दोन दिवसांनी अमिता रिपोर्ट घ्यायला आली. तिथेच बाकावर बसून तिने तो दोनदा वाचला, आणि मग उठून काचेपलीकडच्या धम्मदीनाकडे गेली. धम्मदीनाच्या छातीवरच्या पाटीवर मराठी आडनाव बघून तिला धीर आला असावा. तिने तक्रार काही केली नाही. ती आपली खो-खोबद्दल बोलत राहिली. शाळेत मुलींचा संघ तिने चार वर्षं खपून उभा केला होता. मैदानाबाहेर उभं राहून एखाद्या मुलीला नुसत्या नजरेने सांगायचं असतं की आता तू. हिने एकीकडे पाहिलं की भलतीच मुलगी धावायची. नावाने हाक मारावी, तर समोरचा संघही ऐकायचा. जिल्ह्याचा अंतिम सामना त्यांनी तसाच घालवला होता. मुली बिचाऱ्या अजून म्हणतात की चूक आमचीच, मॅडम.

"गेला असेल स्नायू तर गेला," ती म्हणाली. "पण मतलब, नीट बघितलं ना तुम्ही?"

हा प्रश्न धम्मदीनाला आजवर कुणी विचारला नव्हता. पहिल्यांदा तिला रागच आला. अमिता गेल्यावर तिने तणतणत ती चित्रं पडद्यावर उघडली, स्वतःचं बरोबर होतं हे बघायला. चित्रं सुरेख होती. फक्त उजव्या डोळ्यातलं भिंग पार कानाकडे तोंड करून होतं. बंद पापणीआड तो डोळा आरामात बाहेर लवंडला होता. हात सैल सोडून दंडाची बेटकुळी शोधावी, तसं तिने केलं होतं. स्नायूला काही कामच दिलं नव्हतं, तर तो दिसणार कसा? अकरा वर्षं प्रत्येकाला डोळे मिटायला लावताना, डोळ्यांच्याच तपासणीलाही आपण तेच सांगतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. रिपोर्ट बाहेर गेला होता, सही दुसऱ्याची होती, आणि कुणी तिला दोष दिला नव्हता. ती उठून सरळ कानिटकरांच्या खोलीत गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग अडचणी सांगितल्या. मशीन संध्याकाळपर्यंत भरलेलं आहे, डोळे बंद ठेवणं ही इथली पद्धतच आहे, तर तुम्ही आपल्या अंगावर का ओढून घेता, असं त्यांचं म्हणणं. एकदा दिलेला रिपोर्ट फिरवायचा म्हणजे त्यांनाही जड जात होतं, हे तिला कळत होतं.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मला एक बार खुल्या डोळ्यांनी काढू द्या. टाइम माझ्या लंचचा घ्या. नाही दिसला, तर मी स्वतः सांवेरला जाऊन तिला सांगेन."

कानिटकरांनी मशीनची यादी पुढे ओढली आणि शनिवारच्या दुपारवर बोट ठेवलं. शेवटी म्हणाले, "करा. पण चित्र हललं तर परत माझ्याकडे यायचं नाही."

शनिवारी अमिता पुन्हा आडवी झाली. आता पंचाईत वेगळीच होती. डोळे उघडे ठेवायचे, पण बघायचं कुठे? आतून मशीन नुसतं पांढरंफेक, नजर ठरायला काही नाही, आणि मशीन म्हणजे मोठं लोहचुंबकच, लोखंडाचा कणही आत न्यायची सोय नाही. धम्मदीना तरातरा बाहेर गेली आणि आया बेबीताईंकडून टिकल्यांचं पाकीट मागून आणलं. चमकी लावलेल्या बाजूला काढल्या, साध्या मखमली तीन निवडल्या, आणि अमिताच्या तोंडावर येईल अशा बेताने मशीनच्या छताला चिकटवल्या. एक मधे, एक डावीकडे, एक उजवीकडे. बेबीताई दारातून बघत होत्या. मशीनचं लग्न आहे का, असं त्यांनी विचारलं.

मग हेडफोनमध्ये तो आवाज आला, पण शब्द निराळे होते. "डोळे उघडे ठेव, बाळा. मधल्या टिकलीकडे बघ. मी सांगेन तेव्हाच पापणी मिट."

पहिलं चित्र हललं. दुसरंही हललं, अमिताच्या डोळ्यांना पाणी येत होतं. धम्मदीनाने चष्मा पुसला नाही. लांबलचक तपासणीचे तिने चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यानंतर अमिताला पापण्या मिटू दिल्या. उजव्या टिकलीकडे बघताना काही दिसलं नाही. मग तिने डावीकडे बघायला सांगितलं. आता उजव्या डोळ्याला नाकाकडे वळायचा जोर करावाच लागणार होता.

पडद्यावर बुबुळाच्या पुष्कळ मागे, जिथे आधी नुसता करडा धूर होता, तिथे एक पट्टी फुगली. तिने पुन्हा उजवीकडे बघायला लावलं, पट्टी बारीक झाली. पुन्हा डावीकडे, पुन्हा फुगली. तेवीस वर्षं विसरलेला तो स्नायू हुकुमासरशी काम करत होता. धम्मदीनाला इतका आनंद झाला की ती काचेवर थापा मारू लागली, आणि आत अमिताला वाटलं मशीन बिघडलं.

कानिटकर येऊन मागे उभे राहिले होते. त्यांनी खुर्ची ओढली, माऊस हातात घेतला आणि मोजलं. स्नायू आपल्या जागेपासून बारा मिलिमीटर मागे निसटला होता. त्यांनी तिथेच बसून जुना रिपोर्ट रद्द केला, नवा लिहिला, आणि कुणी न सांगता तपासणीच्या यादीतलं डोळ्यांच्या पानावरचं 'डोळे बंद ठेवणे' हे वाक्य स्वतःच्या अक्षरात बदललं.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉ. मंजिरींनी निरोप पाठवला की स्नायू चित्रात दाखवला अगदी तिथेच सापडला, शोधाशोध करावीच लागली नाही. निरोप मिळाला तरी धम्मदीनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढणार होते, आणि वॉर्डात जायची काही तिची हिंमत होईना. त्या वेळी ती आपल्या तिघी सोबतिणींबरोबर चहाला जाऊन उभी राहिली. चौघींचे कपडे एकसारखे निळे, चौघींच्या हातात कागदी कप.

लांबलचक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला अमिता आली. डोळा लालभडक होता, काळा चष्मा हातातच होता. तिने हाक मारली नाही, हातही केला नाही. तिथूनच तिने फक्त पाहिलं.

चौघींपैकी एकटी धम्मदीना कप खाली ठेवून तिच्याकडे चालू लागली.