कमळाकर मोकलचं मखर

कमळाकर मोकल कुणाच्याही घरी गेला की चप्पल काढायच्या आधी दारावर बोटाच्या पेराने टकटक करतो. घरातलं माणूस दार उघडतं, तेव्हा हा दाराच्या फळीला कान लावून उभा असतो. मग तोंड वाकडं करून म्हणतो, "आत नुसता भुसा." त्यानंतर "कसं काय, बरं हाय ना?" असं विचारतो. ज्यांच्या दाराचा असा उद्धार झालेला असतो, त्यांना पुढच्या विचारपुशीचं फारसं कौतुक राहत नाही.

मी त्याला रोह्याला पाचवीत शिकवलं. तेव्हाही तो असाच होता. शाळातपासणीच्या दिवशी, साहेब समोर बसलेले असताना, त्यानं उभं राहून सांगितलं, "बाई, तुमच्या टेबलाचा एक पाय अर्धा इंच तोकडा हाय." खरंच होता. चाळीस मुलांपैकी ते फक्त त्याला दिसलं होतं, आणि गप्प राहणंही फक्त त्यालाच जमलं नव्हतं.

पुढे चोवीस वर्षं तो धाटावला एका कंपनीत ऑपरेटर होता. त्या वर्षांबद्दल विचारलं तर "व्हॉल्व उघडला, व्हॉल्व बंद केला" एवढंच सांगतो. त्याचं खरं आयुष्य सुरू झालं ते अब्बासच्या पडवीत. अब्बास रोह्याच्या मोहल्ल्यातला. कुवेतला फर्निचरच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून तो कायमचा परतला, तेव्हा त्याच्या सामानात एक स्क्रोल सॉ होती. दिसायला शिलाई मशीनची लांबची बहीण. सुईच्या जागी दोऱ्यासारखं बारीक पातं, उभं ताणलेलं, वरखाली धावणारं. लाकूड हाताने फिरवायचं, पातं जागचं हलत नाही. कमळाकर पहिली शिफ्ट संपवून सहज तिथं थांबला तो दिवेलागणीपर्यंत हलला नाही. दोन महिन्यांत त्यानं स्वतःची मशीन घेतली आणि वर्षभरात कंपनी सोडली. अब्बास आता सुपारीच्या बागेत रमलाय. कमळाकरचा विषय निघाला की म्हणतो, "बाई, आम्ही तिकडं पोटासाठी कापायचो. हा रागासाठी कापतो."

राग कुणावर, तर सगळ्यांवर. लेझरने कापून आणलेल्या वस्तूंवर पहिला. "कडा बघा, काळी. हे कापलेलं नाय, भाजलेलं हाय. वांगं भाजावं तसं." त्याच्या मते लाकूड दोनच, साग आणि शिवण. बाकीचं सगळं पुठ्ठा. आणि जाळी म्हणजे काय गंमत नव्हे. वेलीच्या दोन पानांमधली एक रिकामी जागा काढायची तर तिथं आधी भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, कापायचं, परत सोडवायचं. अशा चारशे जागा असतात. हे तो समोरच्याला पूर्ण ऐकवतो, आणि ऐकणाऱ्याने मध्येच "वा, छान" म्हटलं तर त्याचा अपमान होतो.

धंदा चालतो तो त्याच्या बायकोमुळे. मैना पेणची, तीही माझीच विद्यार्थिनी, मी पेणला बदलून आल्यावरची. कमळाकर गिऱ्हाइकाशी बोलला की गिऱ्हाईक जातं, हे तिनं पहिल्या महिन्यातच ओळखलं आणि मशीन मागच्या पडवीत हलवली. फोटो ती काढते, फोन ती घेते, पेणच्या दुकानांत नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, किल्ल्या अडकवायच्या फळ्या तीच पोचवते. तरी एकदा नागोठण्याचं एक जोडपं थेट पडवीत घुसलं. त्यांना बंगल्याच्या पाटीवर दोन मोर हवे होते. कमळाकर म्हणाला, "गेटवर सिमेंटचे सिंह बसवलेत ना? मग मोर कशाला, त्यांच्या नाश्त्याला?" जोडपं गेलं. मैना दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि पडवीला कडी आली.

अशा माणसाला मेव्हणाही तसाच भेटावा, हे ओघानेच आलं. पुंडलिक मैनेचा थोरला भाऊ. डोलवीच्या बाजूला गाड्या आणि माणसं पुरवण्याची कामं घेतो. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर त्याचा बंगला आहे. त्याच्या घरात जे जे चकाकू शकतं ते ते चकाकतं. जे चकाकत नाही ते त्यानं बदलून टाकलं आहे. एवढी चांगली कंपनी सोडून फळ्या कापत बसलेला बहिणीचा नवरा त्याला माणसांत दाखवायला लाज वाटायची, म्हणून तो चारचौघांत त्याची थट्टा करायचा.

वैशाखात एका लग्नात पंगत बसली असताना त्यानं मोठ्याने विचारलं, "काय मूषकराज, आज किती फळ्या कुरतडल्या?"

पंगत हसली. कमळाकर म्हणाला, "पुंडलिकशेठ, उंदीर निदान देवाच्या पायाशी बसतो. तुझा देव तीन वर्षं झाली, फिरत्या लायटीत डिस्को बघत बसलाय."

"मग तू कुरतड ना एक मखर. बसवतो माझ्या गणपतीला. बघू तरी."

"बसवशील?"

"बसवतो. पण लोक हसले तर माझ्या नावानं रडायचं नाय."

घरी आल्यावर कमळाकरने मैनेला सांगून टाकलं, की त्या मखराला कुणी हसलं, तर दोघांनीही त्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. मैनेनं वाद घातला नाही. तिला एकच भाऊ, आई-वडील कधीच गेलेले. गौरी-गणपतीचे चार दिवस माहेरी जायचं, वर्षभराचं बोलून घ्यायचं, एवढीच तिची मिरास. ती आता नवऱ्याच्या करवतीवर टांगली गेली होती. मला हे सांगताना ती म्हणाली, "बाई, दोघं पुरुष भांडले आणि पणाला माझं माहेर लागलं. मला कुणी विचारलं पण नाय."

कमळाकरने शिवणीच्या फळ्या निवडण्यात तीन आठवडे घालवले. आषाढात तो पेणला आला आणि पुंडलिकने सांगून ठेवलेली मूर्ती बघायला कान्हूच्या कारखान्यात गेला. कान्हू म्हातारा मूर्तिकार, त्याचं अर्धं आयुष्य गणपतीचे डोळे लिहिण्यात गेलं. मूर्ती अजून पांढरी होती. कमळाकरने पोलादी पट्टी काढून तिची उंची, रुंदी, सोंडेचा पुढावा, सगळं मोजलं. मुकुटासकट उंची एकवीस इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कमळाकर त्याहून मोठ्या फरकाला फरक म्हणत नाही, गुन्हा म्हणतो.

"मुकुट डावीकडं एक सूत उतरलाय," तो म्हणाला.

कान्हूनं ब्रश खाली ठेवला नाही. "तू आल्यापासून उतरला असंल. मगाशी सरळ होता."

कमळाकरने मखराची कमान आतून तेवीस इंच उंच ठेवली. वर जास्वंदीचं एक मोठं फूल, कमानीच्या टोकाला लोंबणारं, त्याच्या खालच्या कडेपर्यंत हे तेवीस इंच, दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे चढत जाणाऱ्या वेली. एकट्या फुलाला अकरा दिवस लागले. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी अब्बासच्या टेम्पोतून मखर पेणला आलं आणि पुंडलिकच्या दिवाणखान्यात उभं राहिलं. खिडकीतून ऊन आलं तेव्हा मागच्या भिंतीवर सगळी वेल सावलीची उमटली. पुंडलिक हातात लायटींची माळ घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "ह्या कुठं लावू?"

"लावल्यास तर मखर उचलून नेईन."

माळ परत खोक्यात गेली. मैनेच्या जिवात जीव आला. तिनं मला फोन केला, "बाई, उद्या सकाळीच या. तुमच्यासमोर ते जरा कमी बोलतात." हा तिचा जुना गैरसमज आहे, पण मी गेले.

आमच्याकडे प्रत्येक घराचा गणपतीचा आपला पाट असतो. तो देवघराच्या माळ्यावर वर्षभर ठेवलेला असतो. मूर्ती आणायला जाताना तो धुऊन पुसून सोबत न्यायचा, कारखान्यात मूर्ती त्याच्यावर ठेवायची, आणि मग ती विसर्जनापर्यंत पाटावरून हलवायची नाही. हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. कमळाकरने लहानपणी स्वतःच्या घरचा पाट डोक्यावर वाहून नेलेला होता. पण आषाढात त्यानं मोजली ती नुसती मूर्ती.

पुंडलिक "मोरया" करत मूर्ती घेऊन आत आला. मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल काढला. दोघांनी मिळून पाट मखरात सरकवायला घेतला आणि मुकुट जास्वंदीच्या फुलाखाली येऊन अडला. पाट तीन इंच उंच होता. जागा सव्वा इंच कमी पडत होती.

 मग पुंडलिकचा चेहरा हळूहळू उजळला, दिवाळीचा बोनस जाहीर व्हावा तसा.

"दाजी," तो म्हणाला, "देवाला जरा वाकून बसायला सांगू काय?"

मैना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात मोदकाची उकड होती, तिनं ती तशीच धरून ठेवली. भटजी येऊन बसले होते. ते म्हणाले, "लवकर ठरवा. मला अजून अकरा घरं आहेत." कुणीतरी सुचवलं, पाट काढा, मूर्ती खाली ठेवा, कापड टाकलं की कुणाला दिसतंय. पुंडलिकची बायकोही मान हलवत होती.

कमळाकर खाली बसला. त्यानं पाटाच्या कडेवरून हात फिरवला, खालून बघितलं. जुन्या फणसाच्या एकाच फळीतून तासलेला पाट होता, पाय वेगळे जोडलेले नव्हते, सोनेरी रंग मुरून तांबूस झाला होता. या घरातली ही पहिली वस्तू असावी जिला त्यानं नाव ठेवलं नाही.

"पाट निघणार नाय," तो म्हणाला. "ह्या घरात लाकूड म्हणावं असं एवढंच हाय. चुकलं ते माझं, मोजताना."

त्यानं पिशवीतून हातातली छोटी करवत काढली, धनुष्यासारखी, बारीक पात्याची. भटजी घड्याळ बघत राहिले. पुंडलिकने मूर्ती धरून ठेवली, आणि कमळाकरने स्वतःची अकरा दिवसांची जास्वंद कमानीच्या टोकापासून कापून काढली. पाऊण तास लागला. घाई कर असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. फूल निघाल्यावर कमान मधोमध उघडी झाली, दोन वेली दोन्हीकडून येऊन मुकुटाच्या अलीकडे थांबल्या, आणि गणपती आत बसला.

दहाच्या सुमारास शेजारणी यायला लागल्या. पहिलीच म्हणाली, "गो बाय, किती सुरेख! वरून उघडं ठेवलंय म्हणून मुकुट कसा उठून दिसतोय."

पुंडलिक पटकन पुढे झाला. "व्हय. मुद्दामच तशी डिझाइन हाय. आमच्या दाजींची." हे त्यानं मेव्हण्याच्या प्रेमापोटी म्हटलं की स्वतःच्या दिवाणखान्याच्या अब्रूपोटी, याची वाटणी मला आजही करता येत नाही. पण म्हणाला खरं.

दुसऱ्या कुणाही माणसाने इथं मान तुकवून गप्प बसायचं असतं. कमळाकर कोपऱ्यातून उठून आला.

"डिझाइन-बिझाइन काय नाय. माप चुकलं. पाट धरला नाय मी."

"अरे, गप की!" पुंडलिक दातांतून म्हणाला.

"का गप? फूल होतं इथं. ते त्या टेबलावर पडलंय, बघा. आणि ताई, उघडं हाय म्हणून सुरेख म्हणता, तर तुम्हाला कमान कळतच नाय. चुकलेल्याला चांगलं म्हणायचं नसतं."

ती बाई प्रसाद न घेताच निघाली. दुसऱ्या दोघींनाही त्यानं तेच ऐकवलं, कापलेलं फूल हातात घेऊन, पट्टी लावून. तिसऱ्या खेपेला पुंडलिकचा धीर सुटला. "मी तुझी लाज राखतोय आणि तू ती रस्त्यावर मांडतोस!" "राखू नको. तुला राखता येत नाय." "मूषकराज परवडला, हा तर हत्तीच निघाला!" गणपतीसमोर असं चालल्यावर खोलीतली माणसं हसायला लागली. भटजींनी पुढचं आवरायला मागे ठेवलेला मुलगा हसला, पुंडलिकची बायको पदर तोंडाला लावून हसली, मीही हसले.

कमळाकर थांबला. तो काय मोजत होता ते माझ्या लक्षात आलं. त्यानं फूल टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली आणि मैनेकडे बघून म्हणाला, "चल. हसले."

मैना हात पुसत बाहेर आली. मला वाटलं, आता रडेल. ती भावाकडे बघून बोलली नाही, नवऱ्याकडेच बघून बोलली.

"हसले ते तुम्हाला. त्याला मी काय करू? तुम्हाला तर लग्नापासून हसतात. मखराला कोण हसलं सांगा. एक पण नाय. आणि हसलं असतं तरी मी गेले नसते. शपथ घेतली तुम्ही, माहेर माझं हाय. गौरी जाईपर्यंत मी इथं राहणार. तुम्हाला जायचं तर दुपारची गाडी हाय रोह्याला."

पुंडलिक तोंड उघडायला गेला. "तू पण गप, दादा," ती म्हणाली. "लायटीची माळ काढलीस ती पुन्हा हातात दिसली तर बघ."

आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की आता काही बोलू नये.

कमळाकर पिशवी घेऊन बाहेर गेला. फाटकापर्यंत पोचला, पुन्हा मागे फिरला. पायरीवर बसला. थोड्या वेळाने पुंडलिक चहाचे दोन कप घेऊन बाहेर आला आणि त्याच्या शेजारी टेकला. कमळाकरने कप घेतला, एक घोट प्यायला, मग बसलेल्या पायरीवर हात फिरवून विचारलं, "हा ग्रॅनाइट तुला कोणत्या शहाण्यानं सुचवला? पावसात माणूस मरंल इथं."

"तुझ्यासाठीच बसवलाय," पुंडलिक म्हणाला.

कमळाकर गौरी जाईपर्यंत राहिला.