शुक्रासाठी ठोकलेल्या खुंट्या

मी मुळातच भित्री. शाळेत पोरांना ग्रहण दाखवताना ‘यात घाबरण्यासारखं काही नसतं’ असं ठणकावून सांगते आणि घरी पाल दिसली की पलंगावर चढते. अशा बाईने तिन्हीसांजेला एकटीने शेतात उभं राहायचं ठरवल्यावर घरचे हसले. ते हसले म्हणूनच मी हट्टाला पेटले.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सूर्य मावळला की पश्चिमेला शुक्र दिसायचा आणि त्याच्या बराच वर गुरू. दर आठवड्याला दोघं जवळ सरकणार होते आणि मार्चच्या मध्याला शेजारी शेजारी येणार होते. त्यांची ही चाल मला फोटोंत पकडायची होती. दर शनिवारी, सूर्यास्तानंतर बरोबर पाऊण तासाने, एकाच जागेवरून. पनवेलच्या दिव्यांत आकाश धुरकट दिसे, म्हणून स्कूटर काढून जवळच्या नेरे गावाकडे गेले. तिथे भातकापणी होऊन गेलेलं एक शेत सापडलं, पलीकडे एकुलता एक ताड. ट्रायपॉड दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून त्याच्या तीन पायांपाशी मी तीन खुंट्या ठोकल्या आणि अंधुक उजेडात दिसाव्यात म्हणून त्यांना चुना फासला. शेत कुणाचं ते विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रिकामं तर होतं!

दुसऱ्या शनिवारी खुंट्या उपटलेल्या होत्या. गुरांचं काम असेल, असं म्हणत पुन्हा ठोकल्या. तिसऱ्या शनिवारी त्या उपटून बांधावर ओळीने मांडून ठेवलेल्या. गुरं काही ओळीने मांडत नाहीत. कुणीतरी कुठूनतरी आपल्याला बघतंय, या विचाराने मी कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळ मागेच बघत होते. तरी जाताना खुंट्या परत ठोकल्या. भित्री असले तरी हट्टी आहे.

चौथ्या शनिवारी खुंट्यांच्या खड्ड्यांवर कुंकू होतं, फोडलेला नारळ होता आणि टाचण्या टोचलेलं लिंबू होतं. असल्या लिंबांवर वर्गात तासभर बोलणारी मी त्याला पाय लागू नये म्हणून तीन हात लांबून फिरले. बटण इतक्या घाईने दाबलं की पहिले चार फोटो हलले. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही, नाहीतर जाणंच बंद झालं असतं. पाचवा शनिवार मी अक्षरशः जीव मुठीत धरून काढला.

सहाव्या शनिवारी शुक्र आणि गुरू एकमेकांना खेटून उभे होते. आणि माझ्या जागेवर एक बाई बसली होती. असेल माझ्याच वयाची. मांडीवर विळा. आसपास चिटपाखरू नाही.

“मॅडम, मी उठायची नाय,” ती म्हणाली. “मोजायचं तं माज्यावरनं मोजा.”

“कसली मोजणी?” मी जागेवरूनच विचारलं.

तिने विळ्याने माझ्या खांद्यावरच्या ट्रायपॉडकडे खूण केली. “आमी काय येडे हाव? माज्या माहेराला असंच जालं. पयल्या तीन खुंट्या. मंग दगड. मंग सरकारनं जमीन घेतली, आख्खा गाव उठला. सा हप्ते जाले, घरात कोन धड जेवलं नाय. शेताच्या राखणदार देवाला नारळ दिला, तरी तुमी येताच!”

लिंबू कुणी ठेवलं ते कळलं, आणि कशासाठी तेही. सहा आठवडे मी एका घराची झोप उडवत होते आणि मला वाटत होतं, घाबरलेली मीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मोजणीवाली नाही, हे शपथा घेऊन सांगितलं. विळ्यावर डोळा ठेवून जवळ गेले, कॅमेऱ्यातले जुने फोटो दाखवले. शुक्र दाखवला, गुरू दाखवला. ती ताडाकडे आणि बांधाकडेच बघत राहिली.

“वरचं सगळं तुजं,” शेवटी ती म्हणाली. “खालचं माजं हाय.”

तिने ओच्यातून माझ्या तिन्ही खुंट्या काढून दाखवल्या. त्या चुलीत जाणार होत्या. “काढ तुजा फोटू. मी इथनं हलायची नाय.”

मी दहा पावलं मागे सरून ट्रायपॉड लावला. माझ्यावर नजर ठेवायला ती माझ्याकडे तोंड करून बसली. सहा सेकंद शटर उघडं ठेवलं, सामान गोळा केलं आणि निघाले. त्या शेताकडे पुन्हा गेले नाही.

तो फोटो बाकीच्या पाचांत बसत नाही. ताड सरकलाय, बांध तिरका आलाय. वारा होता, त्यामुळे बांधावरचं गवत पुसट झालंय. डोक्यावर दोन ग्रह घेऊन बसलेली ती बाई मात्र अगदी रेखीव आलीय. सहा सेकंदांत ती जराही हललेली नाही, विळ्यावरचा हातसुद्धा नाही.