नंदाचे मासे आणि माझा सायफन

सायफन या विषयावर मी जेवढं बोललो आहे, तेवढं परभणी जिल्ह्यात दुसरं कोणी बोललं नसेल. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. दरवर्षी आठवीच्या वर्गात टेबलावर दोन काचेची भांडी मांडायची, मधे रबरी नळी लावायची आणि पाणी आपोआप इकडून तिकडं कसं जातं ते दाखवायचं. पोरं आ वासून बघायची. त्यामुळे घरच्या मासोळ्यांच्या टाकीतलं पाणी बदलायची वेळ आली, तेव्हा मला स्वतःबद्दल तसूभरही शंका नव्हती. (शंका सुमनला होती. पण बायकोला ती लग्नापासूनच आहे.)

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आमची नंदा, वय वर्षं नऊ, टायफॉईडमधून नुकतीच उठली होती. उठली म्हणजे दवाखान्यातून घरी आली होती, एवढंच. दिवसभर खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायची. खायची नाही, बोलायची नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. शेवटी औरंगाबादला गेलो, काचेची एक टाकी आणि चार सोनेरी मासे घेऊन एसटीनं परत आलो (मांडीवर मासे घेऊन केलेला तो प्रवास हा वेगळाच विषय आहे), आणि टाकी खाटेशेजारी लोखंडी पेटीवर ठेवली. नंदानं कूस बदलली. सगळ्यात मोठ्या शेपटीच्या मासोळीचं नाव राणी ठेवलं. त्या दिवसापासून राणी खाईल तेव्हा नंदा खाऊ लागली. आमचं घर पुन्हा घरासारखं झालं.

मग काय, मी मासोळ्यांना खाऊ घालायचा सपाटाच लावला! शाळेत जाताना कणकेच्या गोळ्या, आलो की गोळ्या, चहाबरोबर गोळ्या. राणी जितकी खाईल तितकी पोरगी खाईल, असा माझा शास्त्रीय विचार. दोन आठवड्यांत टाकीचं पार पिठलं झालं. एका सकाळी बघतो तर चारही मासे वर येऊन तोंड उघडझाप करायलेत आणि राणी एका अंगावर कललेली. नंदानं पेजेची वाटी बाजूला सारली.

"पप्पा, राणी मरायलीय का?"

नाही म्हणालो. आणि बाह्या सारल्या.

सुमन म्हणाली, तांब्यानं पाणी काढा आणि मोकळे व्हा. मी तिला समजावलं की तांब्यानं वरचं पाणी निघतं, तळाची घाण तशीच राहते, शिवाय मासे भेदरतात. इथं सायफनच पाहिजे. (हे अगदी बरोबर होतं. त्या दिवशी मी बोललेलं शेवटचं बरोबर वाक्य.) आदल्या दिवशी भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी घागरीत तयारच होतं. प्लास्टिकची पारदर्शक नळी आणली. खाटेवरून नंदालाही प्रयोग नीट दिसावा म्हणून बादली उंच स्टुलावर ठेवली. वर्गात मागच्या बाकांना दिसावं म्हणून आपण सगळं वर मांडतो की नाही, तसंच. नळीचं एक टोक टाकीत बुडवलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं.

त्या पाण्याची चव मी सांगणार नाही, लोक जेवून वाचत असतील.

गुळण्या करून बघतो तर पाव बादली पाणी येऊन आता नुसतं थेंब थेंब पडायलंय. नंदा म्हणाली, "पप्पा, हे माझ्या सलाईनसारखं हाय." थोड्या वेळानं तेही थांबलं. मी निदान केलं की नळीत घाण अडकली. उलटी फुंकर मारली. तशी तळाची सगळी घाण भसकन वर आली आणि मासे दिसेनासे झाले. मग वाटलं, नळीला चीर असेल आणि तिथून हवा शिरत असेल. नवी नळी आणावी तर बाजार बंद, मोर्चाचा दिवस. म्हणून सुमनच्या परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि नळीला वीतभर लिंपला. आता नळीतही कणीक आणि टाकीतही कणीक. पाणी ढिम्म. सुमन पोळ्या थांबवून दारात उभी राहिली.

एवढ्यात शेजारचे गणिताचे सर आले. त्यांनी चष्मा पुसला, नळीला एक प्रदक्षिणा घातली आणि सांगितलं की टाकीच्या काठावरून चढून जाताना पाणी दमतं. बादली आणखी वर घ्या, म्हणजे त्याला उतरायचं कमी राहील. माझ्यासारख्या विज्ञानाच्या शिक्षकानं यावर काय म्हणायला हवं होतं? मी "करेक्ट" म्हणालो! स्टुलावर पाट, पाटावर जुन्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे आणि त्यावर बादली. पुन्हा तोंडानं ओढलं, टोक घाईघाईनं बादलीतल्या पाण्यात बुडवलं, आणि काय सांगू, नळीतून घाण झरझर धावताना दिसली. सरांनी माझा हात हातात घेतला. मी सुमनकडं विजयी मुद्रेनं पाहिलं.

"पप्पा," नंदा खाटेवरून हळूच म्हणाली, "टाकी भरायलीय."

बादलीतलं घाण पाणी उलटं टाकीत चाललं होतं. सरांना एकदम आठवलं की घरी पाहुणे येणार आहेत. मी नळी उपसून काढली आणि राणीकडं पाहिलं. ती आता जवळजवळ आडवी झाली होती. नंदा रडली नाही, तिनं भिंतीकडं तोंड केलं. ते मला बघवेना.

नेमकी तेव्हा अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मानवतच्या बाजूला कालव्याच्या काठी तिची चार एकर जमीन, नवरा गेल्यापासून एकटीनं कसलेली. नामांतराच्या मोर्चासाठी पहाटेच निघून गावच्या बायांबरोबर ती परभणीला आली होती. काखेत गुंडाळलेला निळा झेंडा, पाय धुळीनं पांढरे आणि घोषणा देऊन देऊन घसा साफ बसलेला. जयभीम म्हणाली तेही ओठांवरून ओळखावं लागलं. सुमननं दिलेलं पाणी पीत पीत तिनं टाकी पाहिली, नळीवरची कणीक पाहिली, गठ्ठ्यांवरची बादली पाहिली, आणि शेवटी मला पाहिलं.

मी तिला वातावरणाचा दाब समजावून सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग झेंडा नंदाच्या उशाशी ठेवला, पदर खोचला आणि बादली उचलून सरळ खाली जमिनीवर ठेवली. बस. एवढंच.

नळीवरची कणीक ओरबाडून काढली, नळी झटकली. तांब्यानं तिच्यात काठोकाठ पाणी भरलं. दोन्ही टोकांना दोन अंगठे. एक टोक टाकीच्या तळाशी नेलं आणि मासा ओढला जाऊ नये म्हणून तिथं मुठीचं सैलसं कुंपण केलं. दुसरं टोक खाली बादलीवर सोडलं आणि दोन्ही अंगठे काढले. पाणी असं धो धो सुटलं की सुमन मागं सरकली. तळाची घाण नळीतून पळत बादलीत पडायला लागली. अक्का नळीचं तोंड तळावरून हळूहळू फिरवत होती, शेतात पाणी देताना बाई जशी एकेका सरीकडं बघते तशी. कुठं घाई नाही, कुठं थेंब सांडला नाही.

मी विचारलं, अगं तोंडानं ओढावं लागत नाही का?

"कालव्यावरचे पाईप तोंडानं वढाया गेले तर गावात एकबी मानूस उरायचा न्हाई," अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पाईप भरायचा, हात लावून बंद करायचा, अन् बांधाच्या खाली सोडायचा. बाळू, तू बादली वर कामून ठिवली व्हती रे?"

नंदाला दिसावं म्हणून, असं मी म्हणालो. अक्का हसली नाही. हसली असती तर मला चाललं असतं.

तिनं तिसरीत शाळा सोडली होती. घरात एकालाच शिकवणं जमणार होतं, आणि तो एक मी होतो. तिच्या खुरपण्याच्या मजुरीवर मी बीएस्सी झालो. भौतिकशास्त्र घेऊन! त्या क्षणी मला वाटलं की आमच्या आईबापानं निवडीत जबरदस्त चूक केली, आणि ते वाटताना मला लाज कमी आणि अभिमानच जास्त वाटत होता. केवढी बाई ही! सकाळपासून उन्हात चालून आलेली, आणि जेवणाआधी माझ्या पोरीच्या उशाशी बसून घाण पाणी काढायलीय.

अर्ध्यापेक्षा जास्त पाणी काढून तिनं घागरीतलं ताजं पाणी ओंजळीवरून अलगद सोडलं. बऱ्याच वेळानं राणी सरळ झाली. मग तिनं एक चक्कर मारली. नंदानं पेजेची वाटी मागितली आणि मी न्हाणीत जाऊन उगीचच तोंड धुऊन आलो.

मोर्चाच्या बाया परत निघाल्या तशी अक्काही गेली. जाताना नंदाच्या उशाशी ठेवलेला झेंडा तेवढा पुन्हा काखेत घेतला. दोन आठवड्यांनी पाणी बदलायची वेळ पुन्हा आली. मी बाह्या सारल्या, तर नंदा म्हणाली, थांबा, आधी आत्याला पत्र टाकायचं. तिचा हात अजून थरथरायचा, म्हणून पत्र तिनं सांगायचं आणि मी लिहायचं ठरलं. मी पोस्टकार्ड घेऊन बसलो.

"आत्या, पाणी बदलायचं हाय, लवकर ये. तू येस्तोवर पप्पा टाकीला हात लावणार न्हाईत, मी लक्ष ठेवून हाय. त्यांना सायफन शिकवायचा असंल तर तुझ्याकडं पाठवते, पण आठवीचा सायफनचा धडा पुढच्या आठवड्यात हाय, तर त्याच्या आधी शिकव."

मी निमूटपणे सगळं लिहिलं. एक ओळ गाळायचा प्रयत्न केला होता, पण नंदानं कार्ड वाचायला मागितलं.