टँकरच्या आधी पोचलेली बातमी

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास आमच्याकडं दुष्काळ पडला. गावची विहीर आटली. आई गुडघ्यांनी बेजार, तरी रोज नदीतल्या झऱ्यावर जायची, वाटीवाटीनं घागर भरायची आणि डोक्यावर घेऊन यायची. मला ते बघवत नव्हतं.

गावचा वार्ताहर म्हणजे किराणा दुकानवाले आप्पा. कपाळावर भस्म, तोंडात साखर. बातमीचं पाकीट दुपारच्या यष्टीनं लातूरला जायचं, म्हणून संध्याकाळचा कार्यक्रम हा गडी सकाळीच लिहून मोकळा! शब्दही ठरलेले. म्हाताऱ्या पाटलांच्या निधनानं गावात 'चैतन्याचे वातावरण पसरले' असं त्यांनीच छापून आणलं होतं. तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

मग टँकर मंजूर झाला. संध्याकाळी येणार, सभापती नारळ फोडणार. घागरींची रांग लागली, आईची सगळ्यात पुढं. अंधार पडला तरी टँकर आला नाही, वाटेतच बिघडला म्हणे. दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र आला: 'टँकरचे जल्लोषात स्वागत, गावाची तहान कायमची भागली.'

कायमची! अरे, थेंबाचा पत्ता न्हाई अन् कायमची?

आठवडाभर वाट बघून आम्ही चौघं लातूरला, जिल्ह्याच्या नव्या कचेरीत गेलो. साहेबांनी ते कात्रण पुढं सरकवलं.

"तुमचं तर भागलंय की. टँकर दुसऱ्या गावाला दिला."

"साहेब, घागरी कोरड्या हायत आमच्या."

"मग पेपर काय खोटं छापतो?"

डोकंच फिरलं माझं. पण शेवटी हात हलवत परत आलो. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत: 'शिष्टमंडळाची साहेबांशी समाधानकारक चर्चा, मागणी तत्काळ मान्य.' म्हणजे ते पाकीट आमच्याच यष्टीनं, कंडक्टरजवळ, आमच्याबरोबर लातूरला गेलं होतं!

तणतणत दुकानात गेलो. रिकामी घागर घेऊन आई मागोमाग आली. मी आप्पांची गचांडी धरणार, तेवढ्यात तिनं मला मागं ओढलं आणि त्यांनाच हात जोडले.

"आप्पा, काय बी लिवा. पाऊस पडला म्हणून तेवढं लिवू नगा. तेवढीच एक आस राह्यलीय."