एका रिळासाठी फ्रँकफर्ट

आबा बुधवारी परत जाणार होते, त्यामुळे तो रविवार मला हातचा सोडायचा नव्हता. आबा म्हणजे माझे सासरे, साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेले. पृथ्वी फिरते म्हणाला म्हणून ज्या दुर्बीणवाल्या शास्त्रज्ञाला चर्चपुढे गुडघे टेकावे लागले, त्याच्यावरचा एका रिळाचा जुना इटालियन मूकपट दुरुस्त करून फ्रँकफर्टला दाखवणार होते. खेळ एकच, दुपारी बाराचा. त्यात माझाही स्वार्थ होता. आमच्या नऊ वर्षांच्या रेवाला मराठी कळतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. तीन महिन्यांत आजोबा-नातीचं बोलणं मान हलवण्यापुढे गेलं नव्हतं आणि ते मला फार लागत होतं.

आमच्या गावाहून, नेकारसुल्महून, जाणार असाल तर वीकएंड तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जण जातात, मात्र फक्त साध्या गाड्यांनी. हायडेलबर्गला गाडी बदलायची. डबा घरचा न्या. स्टेशनवरचा ब्रेत्सेल, तो खारा वेटोळा पाव, आबांना चावला नाही.

उठवायचं काम आबांनी हौसेने घेतलं होतं. त्यांच्या गजरावर उठून आम्ही स्टेशनवर पोचलो, तर तिथलं घड्याळ तासभर पुढे! मार्चचा शेवटचा रविवार, रात्रीतून उन्हाळी वेळ सुरू झालेली. इतकी वर्षं इथे राहून मीच विसरले होते.

"राहू दे, मीनल," आबा ओशाळून म्हणाले. "आमच्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही गं."

"अहो आबा, पुढची गाडी आहे. ती पकडायची."

"आबा, श्नेल!" लवकर चला म्हणत रेवाने त्यांची पिशवी उचलली.

साडेबाराला धापा टाकत थिएटरात शिरलो. चित्रपट दुरुस्त करणाऱ्या बाईंचं भाषण अजून चालूच होतं: दोन झिजलेल्या प्रतींतून एकेक तुकडा कसा जुळवला वगैरे. लांबलेल्या जर्मन भाषणाचे मी जन्मात पहिल्यांदा आभार मानले.

दिवे गेले. इटालियन पाट्या, खाली जर्मन.

"काय लिहिलंय?" आबा कुजबुजले. रेवाने जर्मनमध्ये सांगितलं. त्यांना कळलं नाही. मराठी भाषांतर माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं.

"तो म्हणतो, मी चूक होतो," रेवा अडखळत मराठीत म्हणाली. "पण आबा, तो खोटं बोलतो आहे."

तेवढ्यात पडदा काळा झाला. तो तुकडा सापडलाच नव्हता आणि बाईंनी मनाचं काही घुसडलं नव्हतं. अंधारात आबांनी तिच्या कानाशी ती राहिलेली गोष्ट सांगायला घेतली.

"मग?" रेवा म्हणाली. मागून कोणीतरी "श्श!" केलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

येताना गाडीत दोघांनी मला झोपू दिलं नाही.

आबांना साताऱ्याला परत जाऊन पंधरा दिवस झालेत. त्या रिळातलं मला फारसं आठवत नाही, खरं सांगते. काल रेवाने भारतात फोन करायचं कार्ड स्वतःच खरवडलं. "आई, आता साताऱ्यात किती वाजले? साडेचार तास पुढे ना?"

"साडेतीन. आपलं घड्याळ पुढे गेलं ना!"

तिने नंबर फिरवला. "आबा, मी रेवा. तुम्ही आता एक तास जवळ आहात."