पाकिटाच्या मागची साखर

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितेय, पण डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या अण्णांना डायबेटिस. सकाळी पाहते, तर भाकरी बाजूला सारून वाटीभर ग्रॅनोला, म्हणजे भाजलेल्या ओट्सचं तयार मिश्रण, खात बसलेले! कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने ‘शुगरवाल्यांसाठी एकदम हेल्दी’ म्हणून दिलेला.

“गोड लागतंय का, अण्णा?”

“लय गोड! पण औषधी हाय म्हणे. पाकिटावरच्या चित्रात बघ की, नुसते ओट्स अन् बदाम.”

पाकीट उलटं केलं. जे जास्त ते आधी लिहितात, आणि तिथे बारीक इंग्रजीत ओट्सच्या खालोखाल साखर, मग मध. बदाम पार शेवटी.

तशीच दुकानात गेले. दुकानदार हसून म्हणाला, “ताई, मागं लिहिलंय की सगळं!”

लिहिलंय खरं. पण आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. ज्यांच्या घरी अजून तसं कुणी नाही, त्यांनी चित्रावरच विश्वास ठेवायचा का?